पलीकडच्या काठावर माझी मुलं: कॅस्केड्सच्या पल्याड सोनं शोधताना

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी प्रवासासाठी तिखट पुऱ्या तळत होते. त्याच्या ऑफिसच्या टीममधला एक जण आजारी पडला होता आणि वीकेंडची ऑन-कॉल ड्युटी आता मिलिंदच्या गळ्यात आली होती. "ट्रिप कॅन्सल करू या का? पुढच्या महिन्यात जाऊ," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात जाऊन उपयोग नव्हता. आम्हाला ज्या नदीवर जायचं होतं तिथे सोनं शोधायची परवानगी उन्हाळ्यातले थोडेच आठवडे असते. नंतर मासे अंडी घालायला येतात आणि पात्रात पाय टाकायलाही बंदी. आमचा सम्यक आठ वर्षांचा आहे. त्याने शाळेत गोल्ड रशवर प्रोजेक्ट केल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. बाथटबमध्ये बागेतली माती घोळून त्याने ड्रेन दोनदा तुंबवला होता.

"मी नेते दोघांना," मी म्हणाले.

"एकटी? तिकडे सिग्नल नसतो, सुजाता."

"नकाशे डाउनलोड केलेत. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"बघ मग," मिलिंद म्हणाला. त्याचं 'बघ मग' म्हणजे होकार नसतो हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तरी शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

आमच्या बेलव्ह्यूहून आय-नाइन्टी हायवेने पूर्वेला निघालं की तासाभरात कॅस्केड्स डोंगररांगेतला स्नोक्वाल्मी पासचा घाट लागतो. इकडच्या बाजूला सगळं ओलं, हिरवं, शेवाळलेलं. घाट ओलांडला की दहा-पंधरा मैलांत झाडं विरळ होतात, गवत पिवळं पडतं आणि हवा नागपूरसारखी कोरडी होते. मला तो बदल फार आवडतो. क्ली एलम या गावात पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप नाही. तिथल्या बेकरीत सिनॅमन रोल घेतले. एक रोल दोघांना पुरतो. जंगल खात्याचा दिवसाचा पास पाच डॉलरला मिळाला. पॅनिंगच्या, म्हणजे थाळीत वाळू घोळून सोनं शोधण्याच्या, नियमांची राज्याची पुस्तिका फुकट आहे, पण ती जवळ ठेवावीच लागते, फोनमध्ये चालते. हिरवं प्लास्टिकचं पॅन ऑनलाइन पंधरा-वीस डॉलरला येतं. हार्डवेअरच्या दुकानातली छोटी फावडी पुरतात. लहान मुलांना नदीत उतरवणार असाल तर लाइफ जॅकेट घ्या. आम्ही घेतली नव्हती. ऑगस्टात पाणी पोटरीपर्यंतच असतं असं सगळीकडे वाचलं होतं.

मागच्या सीटवर सम्यक प्रश्नांच्या फैरी झाडत होता आणि मैत्री कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघत होती. मैत्री तेरा वर्षांची. तिची स्विमिंग टीमची पार्टी बुडवून मी तिला आणलं होतं.

"मैत्री, पुरी देऊ?"

"आय'म गुड."

एवढंच. घाटापासून नदीपर्यंत तेवढंच.

नदीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. का, ते पुढे कळेल. हायवे सोडून जंगलातला डांबरी रस्ता घेतला, एक अरुंद पूल डावीकडे सोडला आणि नदीच्या कडेकडेने आणखी दोनेक मैल वर गेलो. पलीकडच्या काठावर उंचावरून लाकूडतोडीसाठी काढलेला जुना मातीचा रस्ता दिसत होता. त्याच्याही वर अख्खी टेकडी काळी पडलेली. दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळालेली झाडं दात विचकल्यासारखी उभी होती. खाली मात्र नदी इतकी स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत.

गाडी लावली आणि पाण्यातून चालत पलीकडे गेलो. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाण्याचा वेग मंदावतो, तिथे सोनं साठतं असं सम्यकनेच मला शिकवलं होतं. पाणी थंडगार, जेमतेम पोटरीपर्यंत. मुलांनी बूट न काढता नदी ओलांडली. खडकाच्या भेगांतली वाळू खरवडून पॅनमध्ये घेतली, आणि पॅन हलवायला लागलो तोच मागून आवाज आला.

"तुम्ही माझ्या क्लेमवर आहात."

साठीचा असेल. उंच, उन्हाने रापलेला, दाढी पांढरी. आणि कमरेला, उजव्या बाजूला, पिस्तूल.

मी उभी राहिले. वाळूचं पॅन माझ्या हातात तसंच होतं आणि त्यातून पाणी माझ्या बुटांवर गळत होतं. सरकारी जमिनीवरही माणसं खाणकामाचे हक्क नोंदवून घेतात, त्याला क्लेम म्हणतात, हे मी वाचलं होतं. नोंदलेली जागा टाळायची हेही वाचलं होतं. पण तिथे पाटी दिसली नव्हती.

"सॉरी. आम्हाला पाटी दिसली नाही."

त्याने मान न हलवता एका पाइनच्या खोडाकडे बोट दाखवलं. उन्हाने पांढरी पडलेली एक पाटी होती खरी. "लोक नेहमी हेच म्हणतात," तो म्हणाला.

सम्यक त्याच्या कमरेकडे टक लावून बघत होता. मैत्रीने हेडफोन काढले होते आणि ती हळूच भावाच्या पुढे येऊन उभी राहिली होती. मी पॅनमधली वाळू होती तिथेच परत ओतली. का कोण जाणे, ती त्याला दिसावी अशी ओतली.

"वर, त्या आडव्या पडलेल्या झाडापलीकडे क्लेम नाही," तो म्हणाला. "तिथे जा." आणि आम्ही निघेपर्यंत तो हलला नाही. आमच्याकडे बघत राहिला. त्याच्या मागे, मातीच्या रस्त्याकडेला, मळकट निळा पिकअप ट्रक आणि एक कॅम्पर, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, उभा होता.

परत नदी ओलांडून गाडीत बसल्यावर सम्यकने विचारलं, "इज ही अ बॅड गाय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"वी शुड गो होम," मैत्री म्हणाली.

तिचं ऐकायला हवं होतं की नको, यावर मी अजून घरात वाद घालते, स्वतःशीच. पण त्या क्षणी मला राग आला होता. एका माणसाने पिस्तूल लावून नुसतं उभं राहायचं आणि आम्ही शेपूट घालून निघायचं? आम्ही आडव्या झाडाच्या बरंच वर गेलो. गाडी रस्त्याकडेला लावली, पुन्हा नदी ओलांडली, पुन्हा वळणाची आतली बाजू धरली. पुढचे दोन तास खरंच सुंदर गेले.

पॅनिंग दिसतं तितकं सोपं नाही. पॅन पाण्यात बुडवून हलवायचं, वरचे खडे बोटांनी काढून टाकायचे, मग पॅन तिरकं करून हलकी वाळू थोडी थोडी वाहू द्यायची. शेवटी काळी वाळू उरते. लहानपणी नागपूरला इतवारीच्या सराफ्यात गटारातली माती धुऊन सोन्याचे कण शोधणारी माणसं मी पाहिली होती. त्यांची मनगटं कशी फिरायची ते आठवून मी प्रयत्न करत होते. मला काही जमलं नाही. जमलं मैत्रीला. ती अर्धा तास खडकावर बसून राहिली, मग "गिव्ह मी दॅट" म्हणून तिने पॅन घेतलं, आणि तिसऱ्या खेपेला काळ्या वाळूत एक पिवळा कण चमकला. मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढा. सम्यकची किंकाळी टेकडीवर आदळून परत आली. सम्यकने आणलेल्या छोट्या कुपीत पाणी भरून तो कण आत सोडला. दुपारपर्यंत चार झाले.

भूक लागली. डबा गाडीत राहिला होता.

"मी घेऊन येते. मैत्री, सम्यककडे लक्ष दे."

"येस, मॉम."

गाडी नजरेच्या टप्प्यात होती. मी पाणी ओलांडून चढण चढले, डिकी उघडली. त्याच वेळी उत्तरेकडे गडगडलं. डोक्यावर आकाश निळं होतं. लांब, जळक्या टेकडीच्या मागे एक ढग जांभळा झाला होता, पण तो दुसऱ्याच गावाला बरसत असावा इतका लांब वाटला. मी पुऱ्यांचा डबा घेतला, चटणी शोधली, पाण्याच्या बाटल्या काखोटीला मारल्या आणि परत काठाशी आले.

पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

मी ते बघत राहिले. त्यावर पाइनच्या सुया, सालींचे तुकडे, काळा कोळसा तरंगत येत होता. मघाशी ज्या दगडावर पाय ठेवून आले तो दिसत नव्हता. मग आवाज बदलला. खळखळ जाऊन खाली काहीतरी जड गडगडत असल्यासारखा.

मी डबा टाकला आणि पाण्यात शिरले. चार पावलांत गुडघा बुडाला. आणखी दोन, आणि पाण्याने माझे पाय खालून ओढून घेतले. मी आडवी झाले, हाताला एक मुळी लागली, तिला धरून मी स्वतःला काठावर ओढलं. एका पायातला बूट गेला होता. वर पाहिलं तर मैत्री सम्यकचा हात धरून पलीकडून पाण्यात उतरत होती. ती उत्तम पोहते, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"थांब! मैत्री, नको!"

तिने कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले, मग वर टेकडीच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, पुन्हा पुन्हा. ती गुडघाभर पाण्यात थांबली. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. एक अख्खा ओंडका आमच्या दोघींच्या मधून वाहत गेला. मग ती मागे फिरली. सम्यकला पुढे घालून ती चढ चढायला लागली. तो दोनदा घसरला. हिरवं पॅन खडकावरच राहिलं होतं. मी पुन्हा तिकडे पाहिलं तेव्हा खडकच नव्हता.

ती दोघं मातीच्या रस्त्यावर पोहोचली. सुरक्षित, असं मला वाटलं. मग मी वरची जळकी टेकडी पाहिली. ढग आता तिच्या माथ्यावर आला होता. झाडं जळून मोकळी झालेली ती माती पावसात खाली आली तर त्या रस्त्यावरच येणार होती. पूल कितीतरी खाली. मुलांनी तिथवर चालत जायचं की थांबायचं? फोनला सिग्नल नव्हता. नागपूरच्या वहिनीचा सकाळचा "जयभीम, फोटो पाठवा" एवढा मेसेज स्क्रीनवर होता.

आणि तेवढ्यात खालून तो मळकट निळा ट्रक आला.

मुलांजवळ येऊन थांबला. तो माणूस उतरला. नदीची रुंदी किती, फार तर एखाद्या वर्गाच्या लांबीएवढी. मला त्याची दाढी दिसत होती, त्याचं पिस्तूल दिसत होतं, पण एक शब्द ऐकू येत नव्हता. तो बोलत होता. हात खाली पुलाच्या दिशेने करत होता, मग टेकडीकडे. मैत्रीने सम्यकला पाठीमागे घेतलं होतं. ती माझ्याकडे वळली. ट्रककडे बोट दाखवलं. मग दोन्ही तळहात उघडे करून विचारलं.

अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही, हे मीच तिला बालवाडीत असल्यापासून घोकून घेतलं होतं.

मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यालाही कळलं असावं की विचारणा माझ्याकडे झाली आहे. तो मुलांपासून काही पावलं मागे सरला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. पावसाचे पहिले टपोरे थेंब माझ्या हातावर पडले. टेकडीवर कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज आला.

मी मान डोलावली. ती दिसणार नाही असं वाटून दोन्ही हात वर करून, अंगठे दाखवून होकार दिला. आणि होकार देताच त्या माणसाचा हात कमरेकडे गेला.

मी किंचाळले असेन. त्याने पिस्तूल काढलं होतं. मैत्री जागची हलली नाही. तो वळला, ट्रकच्या दारातून आत वाकला, कितीतरी वेळ वाकून राहिला आणि परत आला. मग मैत्रीने ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात सम्यकला चढवलं, स्वतः चढली आणि ट्रक निघाला. वळणावर दिसेनासा झाला.

गाडीची किल्ली ओल्या खिशातून निघता निघेना. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशीच गाडी चालवत मी तो डांबरी रस्ता उतरले. मी तेव्हा काय विचार करत होते ते लिहिणार नाही. एक सांगते, ट्रकचा नंबर मला आठवत नव्हता, कारण मी तो पाहिलाच नव्हता.

पुलाशी गाडीतून उतरले, तर तिथे कोणी नव्हतं. पाणी कठड्याच्या बरंच खाली होतं, पण पूल पायाखाली थरथरत होता. मी थांबले. ट्रक आला नाही. आणखी थांबले. मग गाडी पुलापलीकडे घातली आणि मातीच्या रस्त्यावर वर निघाले. दोन वळणांनंतर थांबावंच लागलं. एका घळीतून काळा चिखल रस्त्यावर उतरला होता आणि हळूहळू पसरत होता, मधे फुटबॉलएवढे दगड. माझी व्हॅन त्यात रुतली असती. मी उतरून चिखलाच्या काठाशी उभी राहिले आणि दोघांच्या नावाने हाका मारल्या.

ट्रक पलीकडून आला आणि थांबला. तो माणूस उतरला, चिखलाकडे पाहिलं, मैत्रीशी काहीतरी बोलला. मैत्री उतरली, सम्यकला उतरवलं आणि दोघं पुढच्या केबिनमध्ये बसली. ट्रक अगदी सावकाश चिखलात शिरला. मधोमध मागचा भाग दरीकडे सरकला, तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बंपर माझ्यासमोर होता.

सम्यक माझ्या पोटाला चिकटला. मैत्री तशीच बाजूला उभी राहिली, हात पोटाशी धरून. मी तिला ओढून घेतलं तेव्हा कळलं की तिचे दात वाजतायत.

"थँक यू," मी त्या माणसाला म्हणाले.

"मुलांना त्या बाजूला सोडून जायला नको होतं," तो म्हणाला.

"हो."

"माझा कॅम्पर गेला बहुतेक." सिगारेट पेटवायला त्याने लायटर काढला. तो तीनदा विझला, तेव्हा त्याने सिगारेट परत खिशात टाकली. "तुमची मुलगी हट्टी आहे," एवढं म्हणून तो कॅम्पर बघायला परत जाण्यासाठी ट्रककडे वळला. मी नाव विचारलं. "डेल," तो म्हणाला. खाली गावात जाऊन मदत पाठवू का, काही हवंय का, असं मी विचारलं, तर त्याने नुसता हात हलवला. गावात पोहोचल्यावर सिग्नल येताच मी आपत्कालीन नंबरला फोन करून त्या रस्त्याची आणि त्याची माहिती दिली. तो सुखरूप बाहेर आला आणि कॅम्परही वाचला, फक्त चाकं गाडली गेली, हे दुसऱ्या दिवशी बेकरीत कळलं. म्हणूनच नदीचं नाव लिहीत नाही. त्याच्या क्लेमवर आणखी हौशी लोक पाठवायची माझी इच्छा नाही.

क्ली एलममधल्या मोटेलमध्ये गरम पाणी भरपूर होतं, यापेक्षा जास्त मला त्या खोलीबद्दल सांगता येणार नाही. पिझ्झा मागवला. तिथेच मैत्रीने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तिने डेलला तीन अटी घातल्या होत्या. पिस्तूल आत ठेवून कुलूप लाव. आम्ही मागे उघड्यावर बसू, म्हणजे वाटलं तर उडी मारता येईल. आणि मी तुझ्या नंबर प्लेटचा फोटो काढणार.

"मग तो काय म्हणाला?"

"ही सेड, फेअर इनफ." तिने पिझ्झ्याची कड बाजूला ठेवली. "बट द लॉक वॉज स्टक. म्हणून वेळ लागला."

रविवारी घरी परतलो. मिलिंदला फोनवर सगळं सांगितलेलं होतं. त्याने दार उघडलं, मुलांना जवळ घेतलं, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन व्हॅनच्या चाकांतला चिखल पाइपने धूत बसला. माझ्याशी तो दुसऱ्या दिवशी बोलला. जे बोलला त्याचा राग धरायचा मला हक्क नव्हता.

तुम्ही मुलांना घेऊन पॅनिंगला जाणार असाल तर जरूर जा. पण सगळे एकाच काठावर राहा, गाडीच्या बाजूच्या. वर जळालेलं जंगल असेल तर लांब कुठेही गडगडलं तरी पाण्यातून बाहेर पडा. पाण्याचा रंग बदलला की सामान सोडून द्या. क्लेमचे नकाशे आधी बघा. डबा सोबत न्या, गाडीत ठेवू नका.

सम्यक पुन्हा जाऊ या म्हणतो. त्याच्या खिशात राहिलेली कुपी तो शाळा सुरू झाल्यावर वर्गात दाखवून आला. मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

परतल्यानंतरच्या मंगळवारी मैत्रीला स्विमिंगला सोडायला गेले. पार्किंगमध्ये गाडी थांबली, पण ती उतरली नाही. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली.

"मॉम, तू थम्स अप केलंस तेव्हा... वेअर यू शुअर?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

ती माझ्याकडे वळली. "मला वाटलं तुला काहीतरी दिसलं असेल. दॅट यू न्यू समथिंग. म्हणून मी गेले."

"आणि मी हो म्हटलं, कारण तू घाबरलेली दिसत नव्हतीस."

"मॉम! आय वॉज सो स्केअर्ड."

आत शिट्टी वाजली, मुलं पाण्यात उतरल्याचे आवाज आले. तिने पट्टा सोडला, पण दाराला हात लावला नाही. मी इंजिन बंद केलं. त्या दिवशीची तिची प्रॅक्टिस बुडाली.